पूजेतल्या फ्लॉप्या

मिरज,
मंगळवार, दि. २७ एप्रिल १९९९

चि. माया हिस कॅप्टनसाहेबांचे अनेक आशीर्वाद.

तू साताऱ्यात खुशाल असशील. तुझा भाऊ नागसेन नोकरीत कायम झाल्याचं कानावर आलं, बरं वाटलं. आईच्या गुडघ्याचं काय? इकडे सगळं ठीक. ऊन इतकं की सकाळी दहालाच गेटवरची कुत्री जीपखाली शिरतात, आणि यल्लाप्पा वॉचमन त्यांच्याशेजारी जाऊन आडवा व्हायचा तेवढा राहिला आहे. आमच्या संयोगिताचं लग्न फेब्रुवारीत झालं. तुला पत्रिका पाठवायला सांगितली होती. पोचली नसेल तर चूक माझी.

सात महिन्यांत या माणसानं एक ओळ लिहिली नाही आणि आज ड्रायव्हर नाथाजीला जीप देऊन पत्र पाठवतो, म्हणजे काहीतरी घोडं अडलं आहे, हे तू पाकीट फोडायच्या आधीच ओळखलं असशील. ओळखलंस ते बरोबर.

काल सकाळी ऑफिसातले तिन्ही कॉम्प्युटर उठलेच नाहीत. बटण दाबलं की पंखा फिरतो, पडदा काळाच. सांगलीहून कारागीर बोलावला. त्यानं दुपारपर्यंत खोलून बघितलं आणि हात झाडले. म्हणाला, "साहेब, ह्यो व्हायरस हाय. आत शिरून महिनोन्महिने गप पडून राहतोय, ठरल्या तारखेला उठतोय. आज लय ठिकाणी झालंय. आतलं काय बी ऱ्हायलं न्हाई." मी विचारलं, काहीच नाही? तर म्हणाला, न्हाई.

आता तू म्हणशील की गेलं तर गेलं, नवीन भरा. भरलं असतं. पण आज सकाळी लॅबमधली अक्षता पांढऱ्याफट्ट चेहऱ्यानं आली. सांगलीच्या एका दवाखान्यानं आपल्या सलाईनची बाटली परत पाठवली होती, पाणी गढूळ म्हणून. अक्षतानं त्याच बॅचच्या आपल्याकडं राखून ठेवलेल्या दहा बाटल्या काढून उजेडात धरल्या. सहांत बारीक तंतू तरंगताना दिसले. बुचांचा तो लॉट हलका निघाला, आणि सात महिन्यांत आत हवा गेली. बॅच चारशे सतरा, सप्टेंबर अठ्ठ्याण्णव. एकूण दोनशे साठ खोकी, खोक्यात चोवीस बाटल्या.

हा माल थंडीत दवाखान्यांच्या फळीवर पडून होता. आता उन्हाळा लागला, जुलाब-उलट्यांची साथ आली, आणि जो तो फळीवरचा जुना माल पहिल्यांदा काढतो. म्हणजे तो आत्ता माणसांच्या शिरेत चालला आहे. कुठल्या गावात, कुठल्या दवाखान्यात, हे फक्त त्या कॉम्प्युटरात होतं. चलनाच्या कागदी प्रती मी दोन वर्षांपूर्वीच बंद केल्या होत्या, ते तुला ठाऊक आहे. तू नको म्हणत होतीस, तेही मला आठवतं.

म्हणून विचारतो. सप्टेंबरच्या फ्लॉप्यांचा एखादा संच तुझ्याकडं राहिला असेल तर राहिला म्हणून सांग. मी रागावणार नाही. खंडेनवमीला जे झालं ते झालं, दोघांचीही डोकी तापली होती. नाथाजी उत्तरासाठी थांबेल. त्याला चहा पाजू नकोस, परत निघायचं नाव घेत नाही.

तुझा हितचिंतक,
कॅप्टन वीरधवल जगदाळे (निवृत्त)
मॅनेजिंग डायरेक्टर


मिरज,
गुरुवार, दि. २९ एप्रिल १९९९

माया,

तुझी चिठ्ठी काल मिळाली. पाच ओळी. तू माझ्याकडं तीन वर्षं होतीस, पण इतकं कोरडं कधी लिहिलं नव्हतंस.

"साहेब, माझ्याकडे एकही फ्लॉपी नाही. दोन्ही संच तुमच्या देवाच्या कपाटात आहेत. ते कॉम्प्युटरात घालण्याआधी उघडून बघा. यादी निघाली नाही तर सप्टेंबर आणि ऑक्टोबरचा सगळा माल परत बोलवा. आजच."

कपाट उघडलं. खरं सांगायचं तर काल नाही, आज सकाळी उघडलं. काल धीर झाला नाही. दोन्ही डबे लाल वस्त्रात बांधलेले. पहिली फ्लॉपी हातात घेतली, तिची ती लोखंडी पट्टी बाजूला सरकवली, आणि आतल्या काळ्या तबकडीवर कुंकवाचा ठसा. अंगठ्याचा. दुसरीवर, तिसरीवर, सगळ्यांवर. कुठं हळद, कुठं वाळून चिकटलेला तांदूळ. कारागिरानं एक घालून बघितली, तर आतून खरवडल्याचा आवाज आला आणि त्याचं फ्लॉपीचं यंत्रही बंद पडलं. चव्वेचाळीस फ्लॉप्या, एकही वाचण्याजोगी राहिली नाही.

तो अंगठा माझा आहे. खंडेनवमीला जीप, बॉयलर, पाने, स्क्रू-ड्रायव्हर सगळं पुजलं, आणि फ्लॉप्यांची पाळी आली तेव्हा मीच म्हणालो, माहिती आत आहे तर कुंकू वरवर कशाला लावायचं. मोठं शहाणपण सुचल्यासारखं वाटलं होतं. तू पुढं आलीस आणि माझा हात धरलास. धरलासच. साहेब, आत लावू नका, म्हणालीस.

मग मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. परवाच्या पत्रात मी "दोघांची डोकी तापली" असं लिहिलं. तुझं डोकं तापलं नव्हतं, तू हळू आवाजात बोलत होतीस. मी सगळ्या कामगारांसमोर म्हणालो, "तुम्हाला देव नको असतील, आम्हाला हवेत. पूजा सोसत नसेल तर बाहेर जाऊन उभी राहा." तू यंत्राबद्दल बोलत होतीस आणि मला त्यात तुझी जात दिसली. माझ्या गावात तुझ्या आजा-पणजानं देवळाबाहेर उभं राहून किती पिढ्या काढल्या हे मला माहीत आहे, आणि तरी मी तोच शब्द वापरला. तू टेबलावर किल्ल्या ठेवल्यास आणि गेलीस. हे आज लिहिताना मला लाज वाटते आहे. पूर्वी कधी वाटली होती असं खोटं सांगणार नाही.

चार दिवसांनी मेहुण्याला, भाऊसोला, साताऱ्याला पाठवलं, तो दुसरा संच आणायला. आपल्या गावाबाहेर, नागसेनच्या घरी एक संच ठेवायचा हे तूच मला सांगून ठरवलं होतंस. कारखान्याला आग लागली, पूर आला, तरी एक शिल्लक राहावा म्हणून. मी विसरलो नव्हतो. पण तू गेल्यावर त्यानंच कानाशी गुणगुण लावली, "दाजी, आपल्या कारखान्याची गुपितं त्या वस्तीत ठेवायची व्हय?" आणि मला ते पटलं. तो संच आला, त्याच कपाटात बसला, आणि लक्ष्मीपूजनाला त्यालाही कुंकू लागलं. त्या दिवशी हात धरायला कोणी नव्हतं.

फौजेच्या मेडिकल कोअरमध्ये मी बावीस वर्षं काढली. औषधाचा साठा एका तंबूत कधी ठेवला नाही, नेहमी दोन तंबू, मध्ये दोनशे पावलं. कुणी शिकवावं लागलं नाही. आणि घरचा कारखाना आला तर सगळं एका कपाटात, वर हार.

तू जुलैत मला एक कागद टाइप करून दिला होतास, "मालकांसाठी" असं वर लिहून. तो शोधला. माझ्या चष्म्याच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला सापडला, काच पुसायला घेत होतो. बाहेरची फ्लॉपी आत घालायची नाही, मग ती मालकांनी आणलेली असली तरी. दर महिन्याला एक फ्लॉपी परत चालवून बघायची, नाहीतर ती आहे की नाही कळत नाही. औषधाची बॅच कुठं गेली ते वहीतही लिहायचं. आणि शेवटी लिहिलं होतंस, चोर गेटवरून येतोच असं नाही. मी तेव्हा हसून म्हणालो होतो की मिरजेतल्या सलाईनवाल्याच्या वाट्याला जगातला कोण जाणार. माझ्या डोळ्यापुढं शत्रू म्हणजे माझं नाव-गाव माहीत असलेला माणूस. ज्याला मी कोण हेच ठाऊक नाही तो माझं वाटोळं करून जाईल, हे डोक्यात शिरतच नव्हतं.

ती बाहेरची फ्लॉपीही सापडली. संयोगिताच्या लग्नपत्रिकेची. सांगलीच्या छापखान्यातून जावयाच्या मित्रानं नक्षी करून आणली होती. तुझ्या जागी आलेल्या नव्या पोरानं विचारलं, घालू का? मी म्हणालो, मालकाच्या लेकीच्या लग्नाला विचारतोस काय. आणि स्वतः ढकलली. कारागीर म्हणतो की व्हायरस तिच्यावरच आहे, बाकी कुठून आलेला दिसत नाही.

आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. सगळा माल परत बोलवा. माया, तुला कॉम्प्युटर कळतो, धंदा कळत नाही. त्या दोन महिन्यांत चोपन्न गावांना माल गेला, चौदाशे खोकी. वाहतूकवाल्याच्या पावत्यांवर गाव आणि खोक्यांची संख्या आहे, बॅच नाही. चोपन्न गावांना फोन केला की संध्याकाळपर्यंत सांगली, सातारा, कोल्हापूर तीन जिल्ह्यांत बोभाटा. अठरा वर्षांचं नाव एका दिवसात जाईल, आणि दोनशे घरं त्यावर जगतात. म्हणून मी आणि भाऊसो आपापल्या ओळखीच्यांना वेगवेगळ्या निमित्तानं विचारतो आहोत. लेबल बदलायचं आहे, म्हणून नंबर वाचून दाखवा, असं. एकशे एकाहत्तर खोकी सापडली. एकोणनव्वद राहिली.

तुला गावं आठवतात का? तू स्वतः चलनं केलीस. कोरेगाव, वडूज, म्हसवड या बाजूला चारशे सतरा गेली होती का, एवढंच आठवून बघ. नाथाजीकडं लिहून दे.

वीरधवल जगदाळे


मिरज,
सोमवार, दि. ३ मे १९९९

माया,

चिरंजीव लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. जयभीम.

तू गावांची यादी पाठवली नाहीस. "मला आठवत नाही, आणि आठवणीवर माणसांची औषधं ठरवू नका. सगळा माल बोलवा," एवढंच. नाथाजीनं चिठ्ठी दिली आणि उभाच राहिला. मी म्हणालो, काय रं? तर म्हणाला, "साहेब, ती म्हनली त्ये करा की. तुमी कुनाला भ्यायलाय?" अठरा वर्षांत त्या माणसानं मला उलट प्रश्न विचारला नव्हता. मी त्याला जा म्हणून सांगितलं. ती शुक्रवारची सकाळ.

शुक्रवारी दुपारी म्हसवडहून एका डॉक्टरांचा फोन आला. बनुबाई नावाची बाई, मेंढरामागं हिंडणारी, ऊन लागून आणलेली. दोन बाटल्या चढवल्या, तासाभरात हुडहुडी भरली, मग ताप, मग शुद्ध गेली. मिरजेला पाठवतोय म्हणाले. मी नंबर विचारला. त्यांनी फोन ठेवून जाऊन रिकामी बाटली आणली आणि वाचून दाखवला. चारशे सतरा.

मी इस्पितळात गेलो. तिचा नवरा बाहेर फरशीवर बसला होता, पटका सोडून मांडीवर ठेवलेला. मला ओळखत नव्हता. त्याला वाटलं मी कुठलातरी मोठा डॉक्टर. हात जोडून म्हणाला, "आवं साहेब, बगा की. सकाळी चालत आल्याली बाई हाय. पानी कमी झालंय म्हनले, पानीच तर चडवलं." मी त्याच्याजवळ बसलो. कोण ते सांगायला मला अर्धा तास लागला. सांगितल्यावर तो ओरडला नाही. त्यानं फक्त विचारलं, "तुमास्नी ठावं हुतं?"

मंगळवारपासून ठाऊक होतं.

तिथूनच उठून वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत गेलो, माझ्या नावानं सूचना दिली, रेडिओवर निवेदन द्यायला सांगितलं. चोपन्न गावांना तारा केल्या, फोन केले, सहा गाड्या सोडल्या. सप्टेंबर-ऑक्टोबरचा सगळा माल. काल संध्याकाळपर्यंत एकोणनव्वदपैकी त्र्याऐंशी खोकी दारात आली. त्यातली तेवीस फोडलेली होती. सहा कुठं आहेत ते अजून माहीत नाही. जो फोन वाजतो तो मी स्वतः उचलतो.

कारखान्याच्या भिंतीवर शनिवारी कुणीतरी डांबरानं लिहून गेलं. काय लिहिलं ते सांगत नाही. पुसायचं नाही म्हणून यल्लाप्पाला बजावलं आहे.

आता जे मला पहिल्या पत्रातच लिहायचं होतं आणि तिसऱ्यापर्यंत टाळत आलो, ते.

सोमवारी सव्वीस तारखेला, कॉम्प्युटर मेले त्याच संध्याकाळी, मी आणि भाऊसो चौकीत जाऊन तुझ्या नावानं फिर्याद देऊन आलो. रागानं काम सोडून गेलेल्या बाईनं जाताना यंत्रात व्हायरस सोडला आणि कंपनीच्या फ्लॉप्यांचा आणखी एक संच चोरला, असं. फौजदार म्हणाला, "असला गुन्हा आमच्या वहीत बसत न्हाई साहेब, पर नाव दिलंसा तर बोलावून घेतो बाईला." मी नाव दिलं. भंडारे, साताऱ्याचा पत्ता, नागसेनचंही.

आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत पत्र लिहिलं. "संच राहिला असेल तर राहिला म्हणून सांग, मी रागावणार नाही." ती ओळ भाऊसोची. "गोड बोलून इचारा दाजी. हाय म्हनली की चोरी कबूल झाली, लेखी." मला यादीही हवी होती आणि तूही अडकायला हवी होतीस. दोन्ही एकाच पत्रात मागितलं. तू हो म्हणाली असतीस तर मी यादी घेतली असती आणि तुझं पत्र चौकीत दिलं असतं. हे मी केलं असतं, माया. आज न केल्याचं श्रेय माझं नाही, तुझ्याकडं संच नव्हता एवढंच.

यंत्र कशानं मेलं ते शोधायचं सोडून कुणी मारलं ते ठरवण्यात मी पहिला दिवस घालवला. मग नाव वाचवण्यात तीन. बाटल्या तोवर फळ्यांवरून खाली येत होत्या.

काल फिर्याद मागं घ्यायला गेलो. फौजदार म्हणाला, कागद वर गेलाय, आता बाईला यावंच लागंल. उद्या मंगळवारी सकाळी दहाला तुला मिरजेच्या चौकीत बोलावलं आहे. शिपाई आज साताऱ्यात येईल, त्याच्या आधी नाथाजी पोचावा म्हणून त्याला पहाटेच काढतो आहे. एकटी येऊ नकोस, नागसेनला आण, वकील मिळाला तर आण. मी साडेनऊपासून दारात असेन. माझ्याशी बोलायची तुला गरज नाही.

बनुबाई आज पहाटे गेली. नवऱ्याचं नाव आप्पासो आहे, मी ते इतक्या दिवसांत विचारलंही नव्हतं. भाऊसो आत्ता माझ्यासमोर उभा आहे आणि म्हणतो आहे, "आता तरी कायबी लिहून देऊ नगासा दाजी. माणूस मेलंय. आता ज्याचं नाव त्यात बसंल त्यो सुटत न्हाई." तो म्हणतो ते खरं आहे. आजवर तिथं तुझं नाव आहे.

तेव्हा हे खालचं वेगळ्या कागदावर लिहितो आहे. तो कागद नागसेनजवळ दे, चौकीत फक्त झेरॉक्स दाखव, मूळ कुणाच्या हातात देऊ नकोस. अक्षता आणि नाथाजी साक्षीदार आहेत, दोघांनी वाचून सही केली.

मी खाली सही करणार लिहून देतो की, कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस असलेली फ्लॉपी मी स्वतः, माझ्या हातानं घातली. माहितीच्या दोन्ही प्रती मी स्वतः खराब केल्या. कु. माया भंडारे यांनी यातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल मला लेखी आणि तोंडी सावध केलं होतं. त्यांच्याविरुद्धची माझी फिर्याद खोटी आहे, आणि देताना ती खोटी असू शकते हे मला कळत होतं. बॅच चारशे सतरा खराब असल्याचं मला मंगळवार दि. २७ एप्रिलला सकाळी समजलं, आणि शुक्रवार दि. ३० एप्रिलच्या दुपारपर्यंत मी ते लपवलं. ही सही शुद्धीवर असताना, कुणाच्या दबावाशिवाय केली आहे.

वीरधवल जोतिबा जगदाळे